बॅटरीवाले तात्या

समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या तीन जाती असतात. पहिली मासे बघायला उतरते, दुसरी फोटो काढायला. तिसरी सहसा उतरतच नाही. ती तयारी करते. या तिसऱ्या जातीचा एखादा नमुना प्रत्येक किनाऱ्यावर सापडतो. आमच्या रेडीतल्या नमुन्याला सोयीसाठी तात्या म्हणू.

१९७६ साली रेडीत जमिनीखाली गणपतीची मूर्ती सापडली, ती द्विभुज. भक्तांना त्यात देवाचं वेगळेपण दिसतं. तात्यांना त्यात स्कूबाची मूळ अडचण दिसते. हात दोनच! एक हात जॅकेटात हवा भरायच्या बटणावर, दुसऱ्याने नाक दाबून कान मोकळे करायचे, मग बॅटरी धरायची कुणी? या एका प्रश्नाला तात्यांनी आपलं निवृत्तिवेतन वाहिलं आहे.

‘भर उन्हात बॅटरी कशाला?’ असं तारकर्लीच्या पडावात एखाद्या पुण्याच्या पाहुण्याने विचारलं, की तात्या सरसावून बसतात. पाण्यात रंग मरतात, आणि सगळ्यांत आधी मरतो तांबडा. पाच-दहा मीटर खाली गेलं की लालभडक मासाही मळकट करडा दिसतो. जवळून बॅटरी मारली की रंग परत! ‘आमच्या रेडीची तांबडी माती अंगाला फासून गेलात, तरी खाली तुम्ही सिमेंटचेच दिसणार,’ असं सांगून ते खिशातून दोरी काढतात. पाहुणा तोवर दुसऱ्या टोकाला सरकलेला असतो.

दोरी म्हणजे विणलेली, बारीक नायलॉनची. बॅटरीच्या शेपटाला भोक असतं. त्यातून ती ओवून तिने स्प्रिंगचा हूक बांधायचा आणि हूक जॅकेटच्या कडीत अडकवायचा. दोन मिनिटांचं काम. तात्यांना अख्खा पावसाळा लागतो. हूक स्टीलचा किंवा पितळेचाच हवा. ज्या गावाने वर्षानुवर्षं लोहखनिज बोटींत भरून पाठवलं, त्या गावात तात्यांच्या घरी साध्या लोखंडाला प्रवेश नाही. खाऱ्या पाण्यात लोखंडी हुकाची स्प्रिंग गंजून धरते. दुसरा नियम त्याहून कडक: धातूला धातू कधी जोडायचा नाही, मध्ये दोरी पाहिजेच. हूक जाळ्यात अडकला तर सुरीने दोरी कापता आली पाहिजे. साखळी असेल तर माणूस बॅटरीसकट तिथेच. प्रत्येक गाठ ते ओढून बघतात, सोडतात, पुन्हा मारतात. काकी म्हणतात, ‘लग्नाची गाठ सुद्दा ह्येंनी इतकी बघून मारूक नाय.’

एक बॅटरी ही बॅटरी नव्हे, हा तात्यांचा सिद्धान्त. गुहेत शिरणारे पाणबुडे तीन दिवे नेतात: एक मुख्य, दोन राखीव. रेडीच्या आसपास कुणी पाण्याखालच्या गुहेत शिरत नाही, पण तात्यांचेही तीन. मुख्य दिवा पंजाच्या पाठीवर पट्ट्याने बसवलेला, म्हणजे बोटं मोकळी. राखीव दोन खांद्यांच्या पट्ट्यांवर, हूक वर आणि तोंड खाली. ते लोंबू नयेत म्हणून रबरी कडी. ही कडी स्कूटरच्या जुन्या ट्यूबची. तिच्यासाठी शिरोड्याच्या पंक्चरवाल्याकडे तात्यांची खास बैठक असते.

चाचणी घरच्या विहिरीत. हे दिवे पाण्यातच गार राहतात, अंगणात लावून ठेवले तर तापतात. म्हणून रात्री रहाटाला बांधून खाली सोडायचे. विहिरीतून पांढरा झोत आभाळात गेला, त्या रात्री वाडीत देवचाराला नारळ बोलला गेला. बंदरावरचे लोक आणखी वेगळ्या नजरेने बघतात. एलईडी लावून मासे पकडायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. त्यावरून इथला पारंपरिक मच्छीमार आधीच तापलेला, आणि हे तीन एलईडी छातीवर मिरवत जेटीवरून जाणार! ‘माझ्या उजेडाला एक बांगडा आला तर शपथ,’ असं तात्या कळवळून सांगतात. ते खरंच आहे.

खरा कहर म्हणजे ओ-रिंग. बॅटरीच्या झाकणातली ती रबरी कडी काढायची, पुसायची, बोटाला लागेल न लागेल इतकं सिलिकॉन ग्रीस चोळायचं. ग्रीस जास्त झालं की वाळू चिकटते. वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला की पाणी आत. तात्या हे निवतीच्या समुद्रात, हलत्या होडीत, चष्मा कपाळावर चढवून करतात. बाकीचे बुडी मारून, मासे बघून वर येतात, भजी खातात. होडीवाला विचारतो, ‘तात्यानू, आता तरी उतारतास मां?’ तात्या केस शोधत असतात. डोक्यावर फारसे उरले नसल्यामुळे तो कुणाचा, हाही तपास सुरू असतो.

तात्यांनी समुद्र किती पाहिला हा प्रश्न विचारू नये. पण त्यांची एकही बॅटरी आजवर तळाला गेलेली नाही, आणि हातात बॅटरी धरून मिरवणाऱ्या कितीजणांच्या गेल्या, हे इथल्या तळालाच ठाऊक. तेव्हा बुडी मारायला याल तर बॅटरी हुकाने अडकवा, दोरी कापता येईल अशी ठेवा, आणि वर आल्यावर झाकण उघडण्याआधी गोड्या पाण्यात धुवा. एवढं पुरतं. तात्या भेटले तर नमस्कार करा, पण ओ-रिंगचा विषय काढू नका. तुमची परतीची गाडी चुकेल.