आधी रेष, मग बिंदू

१९५१ साली लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिनं मोजायची पद्धत छापली. विज्ञानात सर्वाधिक वेळा उद्धृत झालेला शोधनिबंध तोच. आमच्या बी.एस्सी.च्या लॅबमध्ये त्याहून खात्रीची पद्धत चालते: मागच्या वर्षीचं जर्नल.

लॉरीच्या पद्धतीत लागणारं फोलिनचं पिवळं द्रावण बाटलीतच खराब होऊन हिरवं पडलेलं. कलरीमीटर एकच, त्यापुढे वीसजणांची रांग, क्युव्हेटवर वडापावच्या बोटांचे ठसे. तरी ६६० नॅनोमीटरवर मोजलेले सगळे बिंदू आलेखावर कवायतीला उभे! उघड आहे, रेष आधी मारतात, बिंदू मागून बसवतात.

एकदा एका पोरानं खरेच आकडे लिहिले.

"हे काय आणलंस?" मॅडम.

"मॅडम, आलं तसं लिहिलं."

"पुन्हा कर."

त्यानं केलं. शेजारणीचं जर्नल समोर ठेवून.