मा. सेक्रेटरीसाहेबांस, गेटबाहेरून

परमपूज्य सेक्रेटरीसाहेब,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

साष्टांग नमस्कार प्रत्यक्षच घालणार होतो. पण सरकत्या गेटच्या वाटेत कोणी आडवं पडलंय हे मोटारीला कळावं म्हणून जो सेन्सर लागतो, तो पुढच्या बजेटात आहे म्हणे. तेव्हा तूर्त कागदावरच गोड मानून घ्यावा.

सर्वप्रथम अभिनंदन! आपल्या कृपेने कोथरूडमधली आपली जुनाट सोसायटी एकदम आधुनिक झाली. गेटच्या पेटीतल्या सिमला रिंग द्यायची. यंत्र नंबर ओळखतं, फोन न उचलता कट करतं आणि गेट सरकतं. पैसा पडत नाही. मिस्ड कॉल देण्यात हयात गेलेल्या आम्हा लोकांना याहून जिव्हाळ्याचं तंत्रज्ञान कोणतं? आणि फोन न उचलण्याचा गुण तर यंत्राने थेट आपल्याकडूनच घेतला असावा.

यंत्रात २०० नंबर बसतात. तरीही आपण काटकसरीने फ्लॅटमागे एकच घेतलात, तोही शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव त्याचा. त्यामुळे आमच्या विंगमधल्या एक वहिनी भाजीच्या पिशव्या कोपराला अडकवून गेटपाशी उभ्या राहतात आणि हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेल्या नवऱ्याला फोन लावतात. तो साहेबाची माफी मागून बाहेर येतो, गेटला रिंग देतो, मग लगेच वहिनींना विचारतो, "उघडलं का गं?" वहिनी फोन घ्यायला पिशव्या खाली ठेवतात. त्या पुन्हा उचलेपर्यंत गेट मिटलेलं असतं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर नवराबायको दिवसातून इतक्यांदा बोलतात, याचं पुण्य आपल्या खाती जमा असो.

फ्लॅट विकून गेलेल्या सभासदांवरही आपली केवढी माया! बंगळुरूला गेलेल्या त्या आयटीवाल्याचा नंबर आपण अजून काढलेला नाही. त्याच्या धाकटीच्या हाती फोन लागला की मध्यरात्री आपलं गेट आपोआप उघडतं आणि गल्लीतली कुत्री सहकुटुंब पार्किंगमध्ये येतात. आठशे किलोमीटरवरून चालणारी ही सोय पहाटे गेटला नाक लावून उभ्या असलेल्या दूधवाल्याला मात्र नाही. तो सभासद नाही ना! कामवाल्या मावशीही नाहीत. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं काय, ते आपण ठरवालच. आजारी पडण्याआधी आठवडाभर लेखी अर्ज द्यायला आमची तयारी आहे.

रात्रपाळीच्या वॉचमनमामांना नारळ दिलात, हे तर फार बरं केलंत. मामांची खोड मोठी वाईट. ते माणूस बघून गेट उघडायचे. फोन घरी विसरलेल्या आजोबांना आत घ्यायचे, वर जिन्यापर्यंत पोचवायचे; आणि अनोळखी इसमाने कितीही भारी मोबाइल नाचवला तरी त्याला "कुणाकडं?" म्हणून अडवायचे. यंत्र असा भेदभाव करत नाही. नंबर जुळला की झालं, फोन कुणाच्या का हातात असेना!

पण गणेश चतुर्थीला आपण कळसच केलात. इनकमिंगसाठीसुद्धा रिचार्ज लागतो, हे २०१८च्या अखेरीपासून जगजाहीर आहे. मात्र असल्या क्षुल्लक गोष्टींत आपल्यासारख्यांनी का लक्ष घालावं? पेटीतल्या सिमची मुदत संपली. बाप्पा पाटावर, पाट टेम्पोत, टेम्पो गेटबाहेर, वर पाऊस. मोटार सोडवून गेट हाताने ढकलता यावं म्हणून एक किल्ली येते. ती आपल्या कपाटात होती आणि आपण गणपतीलाच चिपळूणला. अखेर कुंपणावरून हातोहात बाप्पा आत आले. मखर भिजून तिथेच बसलं. पोरं मात्र खूश. दरवर्षी असंच करायचं म्हणतात.

मन खट्टू करून घेऊ नये. आपण थोरामोठ्यांच्या पंगतीत आहात. २०१७च्या ऑगस्टमध्ये लॉकस्टेट नावाच्या अमेरिकन कंपनीने दुरूनच एक चुकीचं अपडेट सोडून आपली सुमारे ५०० स्मार्ट कुलपं निकामी केली होती. कुलपाचा मागचा भाग काढून आमच्याकडे पाठवा, नाहीतर बदली कुलपाची वाट पाहा, असं तिने गिऱ्हाइकांना कळवलं. म्हणजे तिने निदान कळवलं तरी. आपण मेन्टेनन्सच्या बिलात थेट 'तंत्रज्ञान निधी' हा नवा रकाना काढलात. एवढी झेप अमेरिकेलाही जमली नाही.

एकच मागणं आहे. ती किल्ली आपल्या कपाटातून काढून खाली पंपाच्या खोलीत टांगावी. वॉचमनमामा परत आणा वगैरे आम्ही म्हणणार नाही; ते समोरच्या सोसायटीत लागलेत, आणि तिथलं गेट उघडतं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
मेन्टेनन्स वेळेवर भरणारा एक सभासद

ता. क. : यंत्राचा पासवर्ड कारखान्यातून आलेला १२३४च आहे, हे दूधवाल्याच्या मुलाकडून समजलं. त्याने एक एसेमेस करून वडिलांचा नंबर आत घातलाय, मावशींचाही. दूध आता साडेपाचला दारात असतं. पासवर्ड कृपया बदलू नये.