पेट्रोल सोडायला आधी धरावे लागते

कमी कार्बनमध्ये कसे जगावे, हे हल्ली घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावरून शिकवले जाते. रील उघडली की एक तजेलदार तरुण दिसतो. मागे कुंडीत तुळस, पुढे विजेवर चालणारी कोरी करकरीत मोटार. तो विचारतो, "मी पेट्रोल सोडलं, तुम्ही कधी सोडणार?" हे बघणारा डोंबिवलीकर त्या वेळी फास्ट लोकलच्या दारात एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने मोबाइल धरून उभा असतो. पेट्रोल सोडायला आधी ते धरलेले असावे लागते, हे त्याने कमेंटमध्ये लिहिलेही असते. पण अंगठा मोकळा होईपर्यंत मुंब्रा येते आणि नेटवर्क जाते.

मग कुणीतरी कार्बन मोजायची लिंक पाठवते. विमानाने किती वेळा गेलात? एकदाही नाही. मोटार किती किलोमीटर चालवता? मोटार नाही. घरात एसी किती? पंखा आहे, आवाज करतो. एवढ्या उत्तरांनंतर माहिती भरणारा इसम हयात आहे की नाही, अशी शंका त्या लिंकला यायला हवी. ती येत नाही. उलट सल्ला येतो, "अजून सुधारणेला वाव आहे, सायकल वापरा." कल्याण-शीळ रोडवर सायकल! सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी पत्रीपूल ओलांडला नसावा.

तसे हिरव्याचे डोंबिवलीला नावीन्य नाही. जानेवारी २०१४ मध्ये इथे पाऊसच हिरवा पडला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री येऊन बघून गेले. त्याच वर्षी गांधी जयंतीला सरकारने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले, त्यात ऑनलाइन हरित शपथही आली. शपथेला फिल्टर लागत नाही, एवढाच तिचा रीलपेक्षा साधेपणा.

ही हिरवाई न्याय्य कशी करायची, ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघावे. विजेची मोटार घेणारे चौघे, सभासद ऐंशी. चार्जिंग पॉइंटचा खर्च कोणी करायचा? सेक्रेटरींचा मेसेज येतो, "पृथ्वी सर्वांची आहे, सबब वर्गणी सर्वांची." पार्किंग मात्र ज्याचे त्याचे. तळमजल्यावरचे काका विचारतात, "माझ्याकडे स्कूटरसुद्धा नाही, मी का भरू?" त्यांना दोन हात जोडलेले इमोजी येतात आणि ॲडमिन विषय बदलतो.

पण याच मोबाइलने एकदा खरे काम केले, ते कौतुकाने सांगायला हवे. १८ फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. बरीच वर्षे रखडलेली, म्हणून लोकांना वाटले, आता गाड्या वाढतील. वाढल्या, पण बहुतेक एसी. मे महिन्यात एसीचे तिकीट निम्म्यावर आणले, तरी साध्या तिकिटाच्या कितीतरी पट राहिले. मग १९ ऑगस्टला आणखी दहा एसी फेऱ्या आल्या, त्याही साध्या गाड्यांच्या जागी. त्याच दिवशी कळव्याचे प्रवासी कारशेडमधून निघणाऱ्या एसी लोकलसमोर उभे राहिले. पुढे बदलापूरलाही लोक भडकले. व्हिडिओ डब्याडब्यांच्या ग्रुपवर फिरले आणि २५ ऑगस्टपासून रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या.

यात एसीवर कोणाचा राग नव्हता. गार हवा कोणाला नको? साधी आणि एसी, दोन्ही गाड्या त्याच तारेवर धावतात. वाद एवढाच होता की मूठभरांच्या गारव्यासाठी गाडी कोणाची गेली. हिरव्या बदलाचा भार कोणी सोसायचा, म्हणजे 'न्याय्य संक्रमण', यावर जगभर परिषदा होतात, त्यांत हाच प्रश्न दोनशे पानांत मांडतात. कळव्याच्या प्रवाशांना तो रुळांवर उभे राहून कळला होता, आणि वर डब्यात चढायचेही होते.

त्या व्हिडिओला बाविसाव्या मजल्यावरून लाइक आला की नाही, ठाऊक नाही. बहुधा नसावा. त्यात विकत घेण्यासारखे काही नव्हते, आणि विकत घ्यायला काही नसेल तर कंपनी पैसे देत नाही, आणि पैसे नसतील तर पृथ्वी वाचवायचे रील निघत नाही. दारात लटकण्याला प्रायोजक मिळत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातली माणसे रुळांवर पडली आणि काहींचे जीव गेले. तेव्हा आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा दिवसभर चालली. जादा गाड्यांची चर्चा एम-इंडिकेटर ॲपच्या चॅटवरच राहिली, "टीसी कुठे आहे?" आणि "दिवा स्लो किती लेट?" यांच्या मधल्या जागेत.

मोठमोठ्या कंपन्या म्हणे न केलेल्या धुराचे कार्बन क्रेडिट विकतात. मग कल्याण-डोंबिवलीच्या पासधारकांनीही बिल लावावे. आजोबांच्या गिरणीच्या पाळीपासून नातवाच्या आयटीपर्यंत या घरांनी जो धूर काढलाच नाही, त्याचा हिशेब. रोख नको. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीहून सुटणारी एक साधी, पंधरा डब्यांची फास्ट लोकल द्या, म्हणजे खिडकीसाठी उलटे कल्याणला जाऊन यायला नको. रील आम्ही फुकटात करून देऊ, पंखे बंद असले तरी.