दोन मिनिटांचं काम

मामा जिना चढताना दिसला की आमची आई आधी आत जाऊन मांडणीवरचं खोल पातेलं धान्याच्या डब्यामागे सरकवते आणि मगच हसतमुखाने दार उघडते. तरी उपयोग होत नाही. पाणी पिऊन झालं की मामा भांडं खाली ठेवत विचारतो, "ताई, तुझ्याकडे एखादं जुनं पातेलं असेल का गं? वापरात नसलेलं. दोन मिनिटांचं काम आहे."

वापरात नसलेलं पातेलं दहा बाय बाराच्या खोलीत कोण ठेवतं? पण मामा स्वतः लालबागच्या चाळीत जन्मला असूनही हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारतो.

मामाला बाजारातली कुठलीही वस्तू आहे तशी चालत नाही. नवा पंखा आला की आधी त्याचा स्टिकर खरवडायचा, नवी छत्री आली की तिची मूठ बदलायची. "कंपनीवाल्यांना काय कळतंय!" हे त्याचं भरतवाक्य. बँकेत अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांत खाडाखोड करायची सोय नव्हती, ती सगळी हौस तो आता घरी भागवतो. निवृत्तीनंतर ती रिमोटच्या गाड्यांवर घसरली.

सुरुवात नातवाच्या वाढदिवसापासून झाली. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांतून मामाने एक दशमांश मापाची गाडी आणली. गाडी उत्तम होती, पण चाकं क्रोमची. "ही चाकं आहेत की वरातीतल्या बँडवाल्याचे बिल्ले?" मामा म्हणाला. नातू गाडी मागत होता आणि मामा बारा मिलिमीटरच्या षटकोनी हबवरून चाकं सोडवून खिशात घालत होता. नातवाला त्या संध्याकाळी चार पाय नसलेली गाडी आणि केक मिळाला.

आता हे जे क्रोम म्हणतात ना, ते क्रोम नसतंच. हे मी मामाकडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत सांगेन. निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करतात आणि ती प्लॅस्टिकवर बसवतात. थर एका मायक्रॉनहूनही पातळ. खाली वार्निश, वर वार्निश, मध्ये नावापुरता धातू. "म्हणजे मुलामा," मामा डोळे मिचकावून सांगतो. "आणि अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो. दोन मिनिटांत साफ!"

खातो, हे खरंच. मामाने प्रिन्सेस स्ट्रीटवरून कॉस्टिक सोडा आणला, मामीच्या पातेल्यात पाणी घेतलं, त्यात सोडा सोडला आणि चाकं टाकली. क्रोम खरोखरच डोळ्यांदेखत नाहीसं झालं. मामा टाळ्या पिटणार, एवढ्यात पातेलंच फसफसायला लागलं. कारण पातेलंही अ‍ॅल्युमिनियमचं होतं. मामीच्या माहेरचं, तिच्या आईने चिंचेने घासून घासून लख्ख ठेवलेलं. सोड्याला चाकावरचा मुलामा आणि मामीचं माहेर यांतला फरक कुठून कळणार? दार-खिडक्या उघडून, हातमोजे घालून मामाने ते सगळं निस्तरलं तेव्हा पातेल्याचं बूड काळं पडून चाळणीच्या वाटेला लागलं होतं. मामी काही बोलली नाही. ती बोलली नाही की चाळीच्या तिन्ही मजल्यांना ऐकू येतं.

तेव्हापासून सोड्याचं काम प्लॅस्टिकच्या जुन्या बादलीत होतं, आणि मोरीजवळ मामीच्या हुकमाने एक नियम चालतो: सोडा, ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड या तिघांची तोंडं एकमेकांना दिसता कामा नयेत. नियम शहाणपणाचा आहे. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि कॉमन गॅलरीच्या चाळीत तो एका बिऱ्हाडापुरता राहत नाही.

क्रोम गेलं, मग मामाने चाकं रंगाच्या पाण्यात बुडवली, पण रंग चढेना. चाकं चितळासारखी ठिपक्याठिपक्यांची निघाली. धातू गेला तरी खालचं वार्निश तसंच होतं आणि रंग त्याच्या आत शिरत नव्हता. मग परळच्या एका गॅरेजातून ब्रेक ऑइल आलं, चाकं दोन रात्री लोणच्याच्या बरणीत मुरली. (बरणी कुणाची होती ते सांगत नाही. आमच्या आईला अजून माहीत नाही.) तिसऱ्या दिवशी मामाला धीर निघेना, म्हणून त्याने सुनेचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. त्यात असतं अ‍ॅसिटोन, आणि ती चाकं होती एबीएस प्लॅस्टिकची. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. दोन चाकांचा खरवस झाला. उरलेली दोन मामाने रंगाच्या पाण्यात घालून खळाखळा उकळली, तर ती मऊ पडून वाकडी झाली आणि रंग आला फिकट गुलाबी, बडीशेपेच्या गोळीचा.

दुसरा माणूस इथे थांबला असता. मामाने मात्र त्या दिवशी वही सुरू केली.

वहीचं पहिलं पान आजोबांच्या नावाचं आहे. माझे आजोबा गिरणीत रंगखात्यात होते. लालबागच्या भागात तशी घरं पुष्कळ. रंगारी बदक चाळीसारखं नाव जिथे पत्त्यात लिहितात, तिथे रंगाचं नवल कुणाला? बॉम्बे डाइंगची सुरुवातही 1879 मध्ये सूत हाताने बुडवून रंगवण्यापासून झाली. रंग तीन: तांबडा, हिरवा आणि नारिंगी. वाळवायला ऊन. मामाला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात मशीन नाही आणि बुडवणं आहे. आजोबांची गिरणी 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांच्या संपात बंद झाली, ती त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. पुढे ते गॅलरीत बसून लोकांच्या साड्यांचे रंग ओळखत. "हा दोनदा बुडवलाय," म्हणत. मामाला त्यांनी रंगकाम कधी शिकवलं नाही, बँकेची परीक्षा द्यायला लावली. पण जेवताना जे कानावर पडलं ते पडलंच. रंगवण्याआधी माल साध्या पाण्यात भिजवायचा. भांड्यातला रंग आणि वाळल्यावरचा रंग वेगळा. घाईने तापवशील तर पट्टे पडतील.

मामाने ही तिन्ही वाक्यं वहीत उतरवली आणि एबीएस सोडून नायलॉनच्या मागे लागला. चोरबाजारातल्या खोक्यांतून तो चाकं नखाने वाजवून घेतो. "टक् वाजलं की एबीएस. ठप् वाजलं, बोटाला जरा मेणचट लागलं, की आपलं." दुकानदार आता त्याला लांबून ओळखतात आणि भाव वाढवतात.

नायलॉनला लोकर आणि रेशमाचा रंग चालतो, ज्याला ते अ‍ॅसिड डाय म्हणतात. पाण्यात रंगाची पूड, चमचाभर व्हिनेगर, आणि आच अशी की पाणी उकळीच्या उंबरठ्यावर राहावं, आत येऊ नये. अर्धा-पाऊण तास. दोन मिनिटं कुठे गेली असं विचारायचं नाही. मामा स्टुलावर बसून चिमट्याने चाक उलटतो, जिलबी तळणाऱ्याच्या तंद्रीत. "पेंट म्हणजे पाहुणा. वर बसतो, चार धक्के खाल्ले की निघतो. डाय आत मुरतो. खरचटलं तरी आतून तोच रंग." हे खरं आहे, निदान खरचटणं वरवरचं असेल तर. पण त्याची गाडी खरचटण्याइतकी धावलीय कुठे?

पहिली चार मरून चाकं निघाली त्या रविवारी भांड्यात बराच रंग उरला होता. टाकायचा कसा? गिरणगावात वाढलेल्या माणसाला उरलेला रंग मोरीत ओतवत नाही. मामाने मामीचा जुना पांढरा परकर त्यात बुडवला. परकर सुती. सुताला हा रंग धरत नाही. परकर धुतल्यावर जवळजवळ पांढराच निघाला, फक्त खालची नायलॉनची लेस लालभडक. मामी तो घेऊन गॅलरीत आली आणि चाळीसमोर नुसता उभा धरला. त्या दिवशी चिवडा गल्लीतून अर्धा किलो फराळ आणूनही मामाचं भागलं नाही.

आणि मग मामीनेच, चार दिवसांनी, कपाटातून एक लोकरीची शाल काढली. मळकट पांढरी, तिच्या वडिलांची. "हिला धरेल का?" एवढंच विचारलं. मामाने ती दोन तास साध्या पाण्यात भिजवली, रात्रभर वही वाचली, आणि एकदाही "दोन मिनिटांचं" म्हणाला नाही. शाल अशी मरून निघाली, एकसारखी, कुठे पट्टा नाही, की तळमजल्यावरच्या आजी हात लावून बघायला वर आल्या. मामा गप्प उभा होता. आजोबा असते तर किती वेळा बुडवली ते सांगितलं असतं.

नातू आता नऊ वर्षांचा आहे. गाडी कपाटावर आहे. चाकांचे अकरा संच झाले आहेत, त्यांतला एकही तिला अजून लागलेला नाही, कारण निळा मनासारखा उतरत नाही. गॅलरीतल्या दोरीवर मामीच्या साडीशेजारी चाकं कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत असतात आणि खालून जाणारे लोक मान वर करून बघतात.

येत्या रविवारी मामा दादरला आमच्याकडे येणार आहे. वाटेत तुमचंही घर लागत असेल, तर पातेली आत ठेवा. आणि घरात एखादी जुनी लोकरीची शाल असली तर तेवढी बाहेर काढून ठेवा.