पेशंटला सोबत आणा

लासूर स्टेशनात दुखणं खाजगी राहत नाही. चहाला उकळी फुटायच्या आत ते सगळ्या गावाचं होतं.

सकाळी पोटूळच्या अंगानं सायकल हाणून यायची, हा माझा नेम. हल्ली परतताना उजव्या पायाला आधी मुंग्या यायच्या, मग तो बधिर व्हायचा आणि शेवटी पेडलवर जोरच चालायचा नाही. उतरून जरा चाललं की स्वारी ताळ्यावर. असाच एकदा लंगडत टपरीवर टेकलो, तर कांदा मार्केटातल्या एका हमालानं बशीतून तोंड वर न काढता निदान केलं, "गादी सरकली, सर." पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या माणसाशी मणक्याच्या विषयावर वाद घालू नये. टपरीवाल्यानं घातला. "गादी कामून सरकंल? वात हाय तो. महानारायण तेल चोळा." शेजारच्या काकू दाक्षायणी देवीला नारळ बोलून मोकळ्या झाल्या, तोही माझ्या खर्चानं. बायकोनं जुनी गोधडी कापून सीटला जाडजूड कव्हर शिवलं. त्यावर बसल्यावर दिवाणखान्यातून गावाला निघाल्यासारखं वाटे. मुंग्या मात्र आता जातानाच यायला लागल्या.

सायकलवाल्यानं चाक फिरवलं, चेन पाहिली, कारण नसताना घंटी वाजवली. "सायकल ओके हाय. फॉल्ट वरच्या पार्टात हाय." समोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. "पाय ओके आहे. सायकल दाखवून घ्या." त्या आठवड्यात माझा सगळा व्यायाम मधला रस्ता ओलांडण्यातच झाला.

रात्री मोबाइलवर वाचत बसलो आणि आजार सापडला. फ्रान्सची सायकलपटू पोलीन फेराँ-प्रेव्हो. जोर लावला की तिच्या पायातलं बळच जायचं. वर्षानुवर्षं वाकून पेडल मारल्यानं पायाकडे रक्त नेणारी ओटीपोटातली रोहिणी अरुंद झाली होती. 2019 मध्ये ऑपरेशन, 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण, 2025 मध्ये महिलांची टूर द फ्रान्स! लक्षणं तंतोतंत जुळत होती. ऑपरेशननंतर पत्रकारांना काय सांगायचं, ते ठरवूनच मी संभाजीनगर गाठलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. "तो आजार व्हायला वर्षानुवर्षं जिवाच्या आकांतानं चालवावी लागते. तुमचा स्पीड किती?" मी सांगितला. त्यांनी तो केसपेपरवर लिहिलासुद्धा नाही.

मग मला बाहेरच्या बोळात टाचांवर चालायला लावलं, नंतर चवड्यांवर. टाचांवर तोल राहीना, तर कमरेच्या पाचव्या मणक्याजवळची नस बघायची. चवड्यांवर उचलता येईना, तर तिच्या खालची. बाकांवरच्या पेशंटांना ही करमणूक फार आवडली. गुडघ्यावर हातोडी पडली, पाय उडाला, एका आजोबांनी मान डोलावली. साखर आणि बी-ट्वेल्व्हसाठी रक्त दिलं, कारण साखर चढली किंवा बी-ट्वेल्व्ह उतरलं तर सायकलशिवायही पाय बधिर होतात. एक प्रश्न मात्र बाईंनी न हसता विचारला. बसायची जागा सारखीच बधिर असते का, लघवीवर ताबा आहे ना? तसं असतं तर आज घरी सोडलंच नसतं, म्हणाल्या. तिथे मीही विनोद केला नाही.

धीर द्यायला त्यांनी नाशिकच्या महाजन बंधूंचं नाव काढलं. 2015 मध्ये दोघांनी मिळून अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं पार केली, सुमारे 4800 किलोमीटर. दोघेही डॉक्टर, त्यांतले हितेंद्र भूलतज्ज्ञ. लोकांना बधिर करायचा व्यवसाय आणि स्वतः समुद्र ते समुद्र! मला पोटूळ जड जात होतं.

"पुढच्या वेळी पेशंटला सोबत आणा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सायकल."

ती कांद्याच्या टेम्पोतून गेली. दारावरच्या वॉचमननं दोघांकडेही नीट पाहिलं आणि विचारलं, "यातलं ॲडमिट कोण होणार?"

बाईंनी सायकल स्टँडवर चढवून मला वर बसवलं आणि मागून पाहिलं. सीट इतकी उंच, की पेडल गाठायला कंबर डावी-उजवी झुलत होती, आणि त्यात नितंबाखालची नस रगडली जात होती. गोधडीनं भर घातली. मऊ बैठकीत हाडं खाली रुततात आणि नको तिथे दाब वाढतो. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूनं गाजवलेलं सूत्र त्यांना पाठ होतं. जांघेपासून टाचेपर्यंतचं माप गुणिले 0.883, तेवढीच सीट क्रँकच्या आसापासून वर. त्यांनी ड्रॉवरमधून पाना काढला, सीट उतरवली, गोधडी माझ्या हातात दिली.

पाय आता बरा आहे. श्रेयाची वाटणी मात्र व्हायची आहे. टपरीवाला तेलाचं नाव घेतो, काकू नारळाचे पैसे मागतात, आणि रिपोर्ट नॉर्मल आले तरी हमाल म्हणतो, गादी आपसूक जागेवर बसली. खरा दुखावला तो सायकलवाला. सीटचा नट त्यानं दोनदा चाचपला.

"पाना डॉक्टरनं लावला?"

"हो."

"मंग उद्यापासून इंजेक्शन मी देऊ का?"