अर्धा पाय

चिकलठाणा एमआयडीसीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला, सिडकोत घर आणि पाचोडकडे वडिलोपार्जित मोसंबीची बाग असलेला माणूस छत्रपती संभाजीनगरात शोधावा लागत नाही. शनिवारी सकाळी तो आपोआप बीड रस्त्याला लागतो. डिकीत टॉर्क पाना, शर्टाच्या खिशात व्हर्नियर. गावात त्याला दादा म्हणतात. बाग धाकटा भाऊ कसतो, दादा बोल्ट कसतात.

बोल्ट अर्थात वडिलांच्या जुन्या मॅसीचे. फांद्यांखालून सहज जाणारा छोटा ट्रॅक्टर घ्यावा, असं भावाचं कैक वर्षांचं म्हणणं. दादांच्या लेखी ती खेळणी.

यंदा आंबे बहाराची नवती फुटली, सायला कीड दिसू लागली आणि फवारणीचा ब्लोअर जोडल्यावर मॅसीने मान टाकली. म्हणजे इंजिन टेचात. मागचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा शाफ्टही रिकामा असताना झकास फिरे. पण फवाऱ्याचा भार आला की ब्लोअर मलूल. भाऊ म्हणाला, पीटीओची प्लेट गेली. मिस्त्रीने लांबूनच ऐकून सांगितलं, "साब, पलेट खतम. नयी डालो, परसों फवारो." दादांना हे मुळीच पटलं नाही. निदान असं लांबून होतं का? त्यांनी पेडलचा फ्री प्ले मोजला, लिफ्टला नांगर लावून वर घेतला. या ट्रॅक्टरात हायड्रॉलिकचा पंपही पीटीओच्याच शाफ्टवर चालतो, त्यामुळे नांगरही रडतखडत उठला. दुपारी जेवायच्या वेळेला दादांनी निष्कर्ष जाहीर केला: पीटीओची प्लेट गेली.

हा क्लच दुहेरी. पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबतो, पण पीटीओ फिरत राहतो. तळापर्यंत दाबलं की तोही थांबतो. म्हणून तर जागेवर उभं राहूनही ब्लोअरला त्याचे मिनिटाला ५४० फेरे मिळतात. दादांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य नेमकं या अर्ध्या पायाचं आहे: गाडी थांबली, मागचा शाफ्ट चालूच. घरी वहिनींच्या मिक्सरचं बुश झालं, कॉलनीच्या बोअरचं स्टार्टर झालं. वहिनी शनिवारची वाट दादांपेक्षा जास्त पाहतात.

क्लचपर्यंत पोहोचायचं तर ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. गिअरबॉक्सखाली घोड्या, इंजिनखाली जॅक, आणि मधल्या फटीत डोकं घालून बसलेले दादा. क्लचचा जोड दाबलेल्या स्प्रिंगसकट असतो, म्हणून तो लांब बोल्टांनी आवळून धरून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे ढिले करायचे. मिस्त्रीच्या पोराने ते केलंही असतं, पण दादांनी प्रत्येक बोल्टचे आटे मोठ्याने मोजायला लावले. चौथ्या बोल्टला पोराचा हिशोब चुकला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्लेटचं लायनर रिव्हेटपर्यंत घासलेलं निघालं. फ्लायव्हील लेथवर फेस मारायला चिकलठाण्याला गेलं. तिथे दादांना जुने सोबती भेटले, मग इम्रती आली, आणि काम दुसऱ्या शनिवारवर गेलं. भावाने मधल्या आठवड्यात भाड्याचा ब्लोअर आणून अर्धी बाग फवारून घेतली. दादांना ते कोणी सांगितलं नाही.

जोडणीच्या दिवशी तर पर्वणी. जुन्या शाफ्टचा तुकडा घालून प्लेटा मध्यावर आणल्या, फिंगरची उंची सगळीकडे सारखी आली पाहिजे म्हणून व्हर्नियर निघाला. मिस्त्री बिडी ओढत म्हणाला, "साब, अंगूठे से भी होता है." दादांनी त्याच्या अंगठ्याकडे असं पाहिलं, की त्याने तो खिशात घातला.

क्लच बसला आणि बसला तो उत्तम. मापं चुकत नाहीत, हे मान्य करायलाच हवं. पण प्लेट मुळात घासली का? दादांनी गुन्हेगार शोधला: ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्याचा डावा पाय. ओळीच्या टोकाला तो पेडल अर्ध्याहून जास्त दाबतो, आणि मग ऐन भारात पीटीओची प्लेट घसरते.

"अर्धा म्हणजे अर्धा," दादा म्हणाले.

"मंग मी काय पाऊण दाबतोय व्हय?"

"पायाकडं बघ. नजर पायावरून हलली नाही पाहिजे."

गड्याने तंतोतंत ऐकलं. ब्लोअर घुमला, मोसंबीच्या ओळीत पांढरं धुकं उडालं, भावाने सुटकेचा श्वास घेतला. ओळीच्या टोकाशी गड्याने मान खाली घालून पेडल बरोब्बर अर्धं दाबलं, आणि समोरच्या झाडाची एक फांदी कडकड मोडून बॉनेटवर आली.

भाऊ धावला. दादाही धावले. फांदीची जाडी साडेतीन सेंटिमीटर भरली.