वाजते का?

रोरी गॅलाहर या आयरिश वादकाची गिटार ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात निघाली आणि ८ लाख ८९ हजार पौंडांना गेली. आपल्या हिशेबात नऊ कोटींच्या वर. १९६१ सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. रोरीने ती १९६३ मध्ये कॉर्कमधल्या एका दुकानातून शंभरेक पौंडांना, तीही उधारीवर, उचलली होती. फोटो पाहिला तर ही भंगारवाला तरी घेईल का, अशी शंका येते. रंग जवळजवळ सगळा उडालेला आणि आतलं लाकूड उघडं पडलेलं. जाणकार सांगतात की हा रंग रोरीच्या घामाने उडाला. त्याचा घाम म्हणे फार तेजाबी होता.

मे महिन्यात मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने जाणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटत असेल? आपण रोज केवढा ऐवज लोकलमध्ये सांडतो, याचा कधी कुणी हिशेब केला नाही.

गंमत पुढेच आहे. १९९५ पासून फेंडर कंपनी कोऱ्या गिटारी मुद्दाम जुन्या करून विकते. कारागीर नव्या गिटारीचा रंग खरवडतात, स्क्रूंना गंज चढवतात, कडा झिजवतात आणि वर त्याचे जास्त पैसे घेतात. या मालाचं नाव ‘रेलिक’. मुंबईच्या उपनगरात हा उद्योग कुणी काढला नाही, याचं कारण उघड आहे. इथे जून ते सप्टेंबर गिटार खिडकीशी टांगून ठेवली की काम होतं. तारा तांबूस होतात, स्क्रू हिरवे पडतात, पेटीच्या मखमलीवर पांढरी बुरशी येते. वस्तू नवी ठेवणं हीच इथली महाग कला आहे.

माझी गिटार अशीच, कुणी न ठरवता जुनी झालेली. ती मामाची. सत्तर-ऐंशीच्या दशकात मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपती, नवरात्र, कामगारांची संमेलनं, एखादं श्रीमंत लग्न. तेव्हा परदेशी वाद्यावर भलीमोठी जकात असे. अस्सल गिब्सन किंवा फेंडर ज्याच्या हातात दिसे, त्याचा कुणीतरी नातेवाईक बोटीवर किंवा आखातात असणारच. बाकीच्यांसाठी देशी माल होता आणि त्या मालाची नावं ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला मी मनापासून मानतो. अमेरिकेत गिब्सन, तर आपल्याकडे कोलकात्याची गिवसन. जर्मनीत हॉफनर, तर आपल्याकडे हॉबनर. एका अक्षराचा फरक आणि किमतीत दोन शून्यांचा. रात्रीच्या स्टेजवर, लाल दिव्यात, दहाव्या रांगेतून ते अक्षर कुणाला दिसतंय?

माझ्या गिटारीवर तर तेवढंही अक्षर उरलेलं नाही. डोक्याकडची पाटी कधीच गळून पडली, मागे गोंदाचा पिवळट डाग तेवढा राहिला. त्यामुळे तिचं कुळ काय, यावर आमच्याकडे मतं आहेत. मामा म्हणतो, कोलकात्याची. मामाचा ड्रमवाला मित्र म्हणतो, जपानी, एका खलाशाकडून आलेली. मावशी म्हणते, सुताराची.

या मावशीबद्दल सांगायला हवं. ती मामाची सख्खी थोरली बहीण, घाटकोपरला राहते, शास्त्रीय गाणं शिकलेली. घरात मिरजेचा तानपुरा आहे. धाकटा भाऊ विजेवर चालणारं वाद्य गळ्यात अडकवून रात्री-अपरात्री ‘कर्ज’मधला गिटारचा तुकडा वाजवत फिरतो, हे तिने कधी पूर्ण माफ केलं नाही. १९८० साली तो सिनेमा आल्यानंतर मामाला प्रत्येक मांडवात तो तुकडा वाजवावा लागला. लोकांच्या लेखी तो ऋषी कपूरने वाजवला होता. प्रत्यक्षात वाजवणारे गोरख शर्मा, प्यारेलाल यांचे भाऊ. ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांची, पण लोकांना ते गायक म्हणूनच ठाऊक. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, पन्नासच्या दशकात, व्हॅन शिप्ले यांनी स्वतः आराखडा केलेल्या आठ तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीवर सिनेमाची गाणी वाजवून रेकॉर्डी काढल्या. ही नावं मामा आरतीसारखी म्हणतो. मावशी त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवते.

मामा डोंबिवलीला लहान जागेत गेला, तेव्हा गिटार माझ्याकडे मुलुंडला आली. आवाज येत होता, पण मधूनमधून. आवाजाची कळ फिरवली की भजी तळल्यासारखी खरखर व्हायची. वायरीची पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच सूर बाहेर पडायचा, म्हणजे वाजवायला एक माणूस आणि पिन धरायला दुसरा. मी दुरुस्तीचं बोलल्यावर मामाने फोनवर एकच विचारलं, “वाजते ना? मग कशाला उघडतोस?”

दुरुस्ती करणारे अंकल बोरिवलीला, आयसी कॉलनीत. मुलुंडहून तिथे जायचं म्हणजे आधी घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, मग पुन्हा पश्चिम रेल्वे. घाटकोपरच्या मेट्रोत पेटी तपासणीच्या यंत्रातून गेली. पडद्यावर बहुधा तारा, चुंबकं आणि लोखंडाची लांब सळई असं काहीतरी दिसलं असावं, कारण रक्षकाने मला बाजूला घेतलं. पेटी उघडून दाखवली. त्याने गिटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“वाजते का?”

“सध्या नाही.”

“मग जाऊ द्या,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात दिलासा होता की सांत्वन, ते कळलं नाही.

अंकल मूळचे गोराईचे. मराठी त्यांच्या घरचीच. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. लोक टीव्ही दुरुस्त करायचं सोडून नवा घ्यायला लागले, तेव्हा ते गिटारींकडे वळले. एका टेबलावर सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्यावर शिवणयंत्र. शिवणयंत्र पिकअपसाठी. इलेक्ट्रिक गिटारीचा जीव त्या पिकअपमध्ये. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, काही पिकअपांत आठ हजारांपर्यंत. वर पोलादी तार थरथरली की खालच्या वेढ्यांत वीज थरथरते आणि तीच पुढे जाऊन आवाज होते. त्यातला एक वेढा कुठेतरी तुटला की सगळं मुकं. मग अंकल शिवणयंत्राच्या बॉबिन भरण्याच्या चाकावर पिकअप बसवतात आणि डोळ्याला भिंग लावून नव्याने वेढे घेतात. शेजारचा पंख्याच्या मोटारी भरणारा वायंडिंगवाला हे पाहून हात जोडतो म्हणे.

मी गेलो तेव्हा जुलै होता. अंकलनी गिटार हातात घेतली, बंदुकीचा नेम धरतात तशी डोळ्यासमोर आडवी धरून नेककडे पाहिलं आणि परत पेटीत ठेवली.

“आता लाकूड प्यायलंय,” ते म्हणाले. “दसऱ्यानंतर आण.”

पावसाळ्यात हवेतला दमटपणा लाकडात शिरतो, नेक फुगते, वाकते, तारा पट्टीपासून उचलल्या जातात. वाजवणारे म्हणतात, ॲक्शन वर गेली. नेकच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिच्या टोकाचा नट पिळला की वाकलेली नेक सरळ येते. गिब्सनवाल्यांनी ही युक्ती १९२० च्या दशकातच काढली होती. माझ्या गिटारीची सळई मात्र इतक्या पावसाळ्यांनंतर गंजून जागच्या जागी रुतली होती. जोर केला तर तुटेल आणि तुटली तर नेक गेली, असं अंकलचं मत.

दसऱ्यानंतर गेलो. मला वाटलं होतं की ते आता काय काय करायचं ते सांगतील. त्यांनी काय काय करायचं नाही, ते सांगायला सुरुवात केली. रंगाला हात लावायचा नाही. सळईला हात लावायचा नाही. नेक दिव्याच्या उबेत शिकंज्यात दाबून जेवढी येईल तेवढी सरळ करायची, बाकीची तशीच राहू द्यायची. खरखरणाऱ्या कळांचे पॉट उघडून साफ करायचे, अगदीच गेलेला असेल तर लॅमिंग्टन रोडहून नवा आणायचा. झिजलेले पडदे, म्हणजे फ्रेट, बदलायचे, पण सगळे नाहीत. “वरच्या अंगाचे मामाने कधी वाजवलेच नाहीत,” अंकल म्हणाले, “ते नवेच आहेत.”

हे ऐकून मी चाट पडलो. पट्टीकडे नीट पाहिलं तर खरंच. पाचव्या ते नवव्या पडद्यामध्ये लाकडाला बोटांचे खळगे पडलेले आणि बाराव्याच्या पुढे पट्टी कोरी. वीसएक वर्षांचा ऑर्केस्ट्रा त्या मधल्या टापूत घडला होता. मामाला फोनवर सांगितलं तर तो गप्प झाला, मग म्हणाला, “वरचं सगळं सिंथेसायझरवाला वाजवायचा.”

खळग्यांपाशी पट्टीचा एक टवकाही उडाला होता. पट्टी शिसवीची. जगभरच्या गिटारींना आपली शिसवी चालते. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आली, त्यानंतर तर तिची मागणी फारच वाढली. २०१७ मध्ये आपल्या शिसवीवरही परवान्यांचं बंधन आलं, ते तयार वाद्यांपुरतं २०१९ मध्ये सैल झालं. एवढी आंतरराष्ट्रीय उठाठेव झालेलं लाकूड टवक्यापुरतं आणायचं कुठून? मावशीकडे आजीचा एक शिसवी पाट होता, एक पाय मोडलेला. मी भीत भीत विचारलं. तिने बराच वेळ विचार केला आणि मोडका पाय दिला, पाट दिला नाही. त्या पायातून अंकलनी नखाएवढा तुकडा कापून टवक्यात बसवला. आमच्या आजीला इलेक्ट्रिक गिटारचं काय वाटलं असतं, हे सांगता येत नाही. मावशीला विचाराल तर सांगता येतं.

दुरुस्तीनंतर गिटार आधी घाटकोपरला नेली, पाटाच्या पायाची पोच द्यायला. नेक पूर्ण सरळ झालेली नव्हतीच, त्यामुळे जाड तारा छेडल्या की पडद्यांना घासून किंचित झणझणत होत्या. गिटारवाल्यांच्या जगात हा मोठा दोष. ही झणझण घालवण्यासाठी लोक शेकडो रुपयांचे पाने आणि हजारो रुपयांचे तास खर्च करतात. मावशी दारात उभी राहून ऐकत होती.

“जवारी चांगली लागलीय,” ती म्हणाली.

मी चमकलो. पण तिचं बरोबर होतं. तानपुऱ्याच्या घोडीवर तार नुसती टेकत नाही, ती घोडीच्या उतारावर हलकेच घासते. खाली सुताचा दोरा सरकवून ती घासणी नेमकी साधायची, की सुरात सूर फुटू लागतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जवारी काढण्यात आयुष्य घालवतात. त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे बोरिवलीत जो दोष, तो मिरजेत गुण. मावशीने मग उठून माझ्या जाड तारेखाली सुताचा दोरा घालून पाहिला, जरासा पुढेमागे केला आणि मान हलवली. भावाच्या गिटारीला तिने आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता आणि तोही तिच्यात सुधारणा करायला. दोरा मी अजून काढलेला नाही. अंकलना हे सांगायचं धाडस झालेलं नाही.

आता उरला गुणगुणाट. माझ्या गिटारीत एकेरी गुंडाळीचे पिकअप आहेत. असे पिकअप तारेचा आवाज पकडतात, तसाच घरातल्या विजेचाही पकडतात. दोन उलट गुंडाळ्यांनी तो आवाज मारायची युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास काढली, पण मामाच्या गिटारीपर्यंत ती पोचली नाही. अंकल आतून तांब्याचा पत्रा लावून द्यायला तयार होते, त्याने बराच कमी झाला असता. तोवर माझ्यावर त्यांच्याच ‘करायचं नाही’चा परिणाम झालेला होता. मी नको म्हणालो.

त्या गुणगुणाटाला सूर असतो, हे मला नंतर कळलं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं पुरी करते. पन्नास कंपनं म्हणजे खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. मुलुंडला महावितरणची वीज, अंधेरी-बोरिवलीला अदानीची. बिलं वेगळी, सूर एकच. अमेरिकेत साठ कंपनं. ती धड काळी पाच नाहीत, धड पांढरी सात नाहीत. एवढा पुढारलेला देश, पण विजेला पट्टी नाही.

गेल्या गणपतीत सोसायटीच्या मुलांनी गिटार वाजवायचा आग्रह केला. आरतीच्या आधीच ॲम्प्लिफायर लावून ठेवला होता. आमच्या सोसायटीत आरती सुरू होते ती पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या पट्टीत, जी दुसऱ्या कुणाचीच नसते. दुसऱ्या कडव्याला बायका वेगळीकडे जातात, तिसऱ्याला झांजा, आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत प्रत्येक कुटुंब स्वतंत्र असतं. त्या दिवशी कोपऱ्यात ॲम्प्लिफायर आपला पांढरी पाच धरून बसलेला. काका त्यात सापडले, मागोमाग सगळे सापडले, आणि आरती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सुरात झाली. प्रसादाच्या वेळी सगळे एकमेकांकडे जरा संशयाने पाहत होते.

नंतर मी ‘कर्ज’चा तुकडा वाजवला. पाचव्या ते नवव्या पडद्यात, मामाच्या खळग्यांवर बोटं ठेवून. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी जिन्यात भेटले. “छान झालं हो कालचं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी गिटार नाही आणलीत तरी चालेल. तो डबा आणि वायर तेवढी आणा.”